तिसऱ्या पायरीवरचा दगड

लखनौहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब. तरीही फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहा वाजता तेलीबागेतल्या कदमांच्या दारात आम्ही तिघं जण पाणबुड्यांचं सामान गाडीत कोंबत होतो. सहा सिलिंडर, रबरी पोशाख, पायात घालायचे पंख आणि दोराची मोठी गुंडाळी. समोरच्या घरातल्या बाई दूध घेऊन परतत होत्या, त्या थबकल्या. "कौन बीमार है, भाईसाहब?" त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. सिलिंडर दिसला की या शहराला अजून ती साथच आठवते. कदमांनी त्यांना समजावलं की यात ऑक्सिजन नाही, साधी हवा आहे, आणि आम्ही पोहायला चाललोय. बाईंना ते अजिबात पटलेलं दिसलं नाही.

सुभेदार कदम मूळचे सातारा जिल्ह्यातले. फौजेच्या इंजिनियर पलटणीत पाण्याखाली उतरून पुलांचे पाये तपासण्यात त्यांची उमर गेली, आणि निवृत्तीनंतर ते इथंच राहिले. त्यांची मुलगी केतकी चोवीस वर्षांची, गोमती नगरात एका ऑफिसात काम करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. आणि तिसरी मी, मूळची सांगलीची, वनस्पतींवर संशोधन करणारी, वय एक्कावन्न. गेली दोन वर्षं कदमांनी मला तरणतलावात आणि मग एकदा समुद्रात नेऊन हे शिकवलं. "ताई, पाण्यात वशिला चालत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. आणि एक नियम असा की जोडीतल्या कुणीही, कधीही, 'वर चला' अशी खूण केली की दुसऱ्याने वळायचं. 'का?' विचारायचं नाही, पाण्यातही नाही आणि वर आल्यावरही नाही. जिचा पगारच 'का?' विचारण्यासाठी मिळतो, तिला हा नियम जड जाणार हे त्यांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आम्ही चाललो होतो बुंदेलखंडात, कबरईच्या अलीकडे. तिथं डोंगरच्या डोंगर फोडून खडी केली जाते. एखादी खाण बंद झाली, पाणी उपसणारे पंप थांबले, की दोन-तीन पावसाळ्यांत तिचं तळं होतं. अशाच एका जुन्या खाणीच्या मालकाकडून कदमांनी रीतसर परवानगी काढली होती.

उन्नावला खस्ता कचोरी आणि दही-जिलबी खायला थांबलो. हलवायाने गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकावून पाहिलं आणि चार जिलब्या जास्तीच्या बांधून दिल्या. "मरीज़ के लिए," तो म्हणाला. केतकी हसू दाबत म्हणाली, "मौसी, मरीज़ आप बन जाइए, मैं तो खा चुकी।" मी बनले. जिलब्या गरम होत्या आणि नाही म्हणण्याइतका माझा निग्रह कधीच नव्हता.

कानपूर ओलांडताना दीड तास गेला. घाटमपूरनंतर रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना हिरवा गहू आणि मध्येच मोहरीचे पिवळे पट्टे. हमीरपूरला आधी यमुना लागते आणि थोड्या वेळात बेतवा. दोन नद्यांच्या मधे वसलेलं हे गाव ओलांडलं की जमिनीचा रंग बदलतो. मौदहाच्या पुढे झाडांच्या पानांवर पांढरी भुकटी दिसू लागली. खडी फोडणाऱ्या यंत्रांची ती धूळ. गाडीच्या काचा बंद करूनही ती दातांखाली कचकच करत होती.

मग खाण दिसली. चारी बाजूंनी सरळ कापलेला काळा दगड आणि खाली गडद हिरवं, स्तब्ध पाणी. ना गवत, ना वाळू, ना एखादं झुडूप. उतरायला फक्त एका बाजूने ट्रकचा जुना रस्ता होता आणि तो पाण्यात शिरून नाहीसा झाला होता. ही जागा निसर्गाने केलेली नाही, माणसांनी हातांनी आणि सुरुंगांनी उकरलेली आहे, हे विसरताच येत नव्हतं. मला ती सुंदर वाटली आणि त्याबद्दल थोडी लाजही वाटली.

खाणीवर एक म्हातारा चौकीदार होता. त्याला सगळे 'दद्दा' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्याने आमच्या खोली मोजणाऱ्या घड्याळांकडे आणि मुखवट्यांकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग कदमांना बाजूला न घेता, आम्हा तिघांसमोरच सांगितलं. खाण पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जाते, एकेक पायरी तीन-चार पुरुष उंचीची. पाण्याखालच्या तिसऱ्या पायरीवर, रस्त्याच्या डाव्या अंगाला, एक चौथरा आहे. त्यावर त्याच्या धाकट्या भावाच्या नावाचा दगड आहे, हरिरामच्या. तो तिथंच सुरुंगात गेला.

"रोज दिया धरत ते," दद्दा म्हणाला. आम्ही रोज दिवा ठेवायचो. "फिर पंप बंद हो गए। पानी चढ़ आओ। हम उठा नईं पाए।" मग माझ्याकडे वळून, "देख लइयो बाई, ठाड़ो है कै गिर गओ।" (ठाड़ो म्हणजे उभा.)

मी त्याला शब्द दिला. कदमांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरी पायरी साधारण अठरा मीटरवर येत होती आणि मला तेवढीच परवानगी होती.

केतकी आणि मी जोडी. कदम काठावर दोर धरून, दोराचं दुसरं टोक माझ्या जाकिटाला. एक हिसका म्हणजे सगळं ठीक, तीन हिसके म्हणजे आम्ही वर येतोय. आम्ही ट्रकच्या रस्त्यावरून चालत पाण्यात गेलो, जणू कामावर निघालेले मजूर. पहिली पायरी उन्हात पिवळसर दिसत होती. दगडात पाडलेली सुरुंगाची भोकं स्पष्ट होती, बोट घालून पाहिलं तर आत गाळ. एका कपारीत लोखंडी घमेलं पालथं पडलेलं. समुद्रात मासे बघायचे असतात, इथं माणसाने सोडून दिलेली कामं दिसत होती. मी मोठ्या आनंदात होते.

दुसऱ्या पायरीखाली पाणी एकदम बदललं. वरच्या कोमट थराखाली गार पाण्याचा थर होता, तोंडावर कुणी ओला फडका दाबावा तसा. उजेड कमी झाला, दिसणं तीन-चार हातांवर आलं. माझ्या घड्याळावर तेरा मीटर. खाली तिसऱ्या पायरीची कड मला अंधुक दिसली, किंवा दिसली असं वाटलं. तेवढ्यात केतकीने माझ्यासमोर हात आणला आणि अंगठा वर केला. पाण्यात त्याचा एकच अर्थ असतो, 'वर चला'.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी तर्जनी उंचावली. एकच मिनिट. आणि खाली बोट दाखवलं. पंगतीत 'नको' म्हणून पानावर आडवा हात धरणाऱ्याला आपण जसा आग्रह करतो, तसा मी तिला खोल पाण्यात आग्रह केला. तिने पुन्हा अंगठा वर केला. मी मान हलवली, 'एवढं झालं की', आणि खाली वळले.

तिने मागून माझ्या खांद्याचा पट्टा धरला. ओढलं नाही, फक्त धरला आणि सोडला नाही. मागे पाहिलं तर तिचे डोळे मुखवट्यातून मोठे दिसत होते. मला राग आला, खरंच सांगते, चांगलाच राग आला. मग माझ्या लक्षात आलं की तिचा श्वास फार जलद चालला आहे, बुडबुडे अखंड सुटताहेत. मी दोराला तीन हिसके दिले. सावकाश, वाटेत नियमाप्रमाणे थांबत, आम्ही वर आलो, आणि तेवढ्या सगळ्या वेळात तिचा हात पट्ट्यावरच होता.

काठावर कदमांनी दोघींना चहा दिला. 'का?' नाही विचारलं. "खालचं पाणी गार असंल," एवढंच म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "केतकीने खूण केली आणि आम्ही वळलो."

केतकीने कपातून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. दद्दा वाट पाहत उभा होता, त्याला मी सांगितलं की दगडापर्यंत पोहोचलो नाही. तो "हओ, हओ" (बरं, बरं) म्हणत शेकोटीकडे गेला.

दुपारी त्याने आम्हाला जेवू घातलं. निखाऱ्यावर भाजलेल्या गकरिया (आपल्या बाट्यांच्या जवळच्या), वांग्याचं भरीत आणि लसणीची चटणी. राख झटकून गकरिया तुपात बुडवताना त्याने विचारलं, "लौटाओ कौन ने?" परत कुणी फिरवलं?

केतकीने हात वर केला.

दद्दाने ती गकरिया तिच्या पानात ठेवली. मग हरिरामची हकिगत सांगितली. सुरुंगापूर्वी शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की हातातलं टाकून पळायचं, ही खाणीची रीत. त्या दिवशी दोघं भाऊ वर आले होते. हरिरामची नवी चप्पल खाली राहिली होती, जत्रेत घेतलेली. तो म्हणाला, आत्ता आणतो, अजून वेळ आहे.

"हमने कई, जल्दी अइयो," दद्दा म्हणाला. "हाथ नईं पकड़ो। बस कै दई, जल्दी अइयो।" लवकर ये, एवढंच म्हणालो. हात धरला नाही.

मी कदमांकडे वळून म्हटलं, "सुभेदारसाहेब, मघाशी मी खोटं सांगितलं. मी वळले नाही. केतकीने दोनदा खूण केली आणि मी खाली निघाले होते. तिने मला धरून ठेवलं." एक्कावन्नाव्या वर्षी मुलीएवढ्या मुलीसमोर असं बोलणं सोपं नव्हतं, पण गप्प बसणं त्याहून अवघड झालं होतं.

कदमांनी गकरियाचा तुकडा संपवला. "दोन महिने तुम्ही पाण्यात उतरायचं नाही," ते म्हणाले. "दोर धरायचा." मी मान डोलावली. मग त्यांनी मुलीला विचारलं, "तू येतेस का माझ्याबरोबर? नाही म्हणालीस तरी चालंल."

केतकीने पाण्याकडे पाहिलं. "मोटा वाला सूट पहनूँगी," ती म्हणाली. "और मैं बोलूँ तो लौटेंगे।"

"बोलायच्या आधी लौटू."

ऊन कलायच्या आत ते दोघं उतरले. दोर माझ्या हातात होता. दद्दा शेजारी येऊन बसला आणि न विचारता त्याने माझ्यामागे दोर धरला, विहिरीवर दोन माणसं धरतात तसा. बुडबुडे आधी एकत्र दिसत होते, मग काठापासून दूर गेले, मग उन्हाच्या चकाकीत दिसेनात. दर थोड्या वेळाने एक हिसका यायचा आणि मी एक परत द्यायची. नंतर बराच वेळ काही आलं नाही. वर बसलेल्याला खालचं काही कळत नाही, याचा अर्थ मला त्या दुपारी समजला. पहिल्या खेपेला मी एक मिनिट मागितलं होतं तेव्हा कदमांच्या हातात हेच होतं.

मग तीन हिसके आले. दद्दाला ते माझ्याइतकेच कळले.

"दोई आ रए?" त्याने माझा दंड धरून विचारलं. दोघंही येताहेत ना?

मला सांगता येत नव्हतं. तो उठून उभा राहिला, थेट पाण्याच्या कडेला गेला. आधी कदमांचं डोकं वर आलं. दद्दा अजून पाण्याकडेच बघत होता. मग दोन हात पलीकडे केतकीचं आलं. "दो," तो म्हणाला आणि तिथंच दगडावर बसला.

"दद्दा!" केतकी पाण्यातूनच ओरडली. "खड़ा है! थोड़ा झुका है, पर खड़ा है! नाम पर हाथ फेरा मैंने!"

"अरे बाहर तो आओ, बिन्नू," (बिन्नू म्हणजे लेकी) दद्दा तिच्यावर खेकसला. "ठंड में ठाड़ी काय हो? घाम में आओ!" घाम म्हणजे इथं ऊन. ती उन्हात येऊन बसली, अंगावर घोंगडी आली, हातात गरम चहा आला, आणि मगच त्याने हलक्या आवाजात विचारलं, कुठल्या बाजूला झुकलाय. तिने हाताने दाखवलं. त्याने आपला हात तसाच तिरका धरून पाहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

परतताना कदम गाडी चालवत होते, केतकी आणि मी मागे. बेतवेचा पूल गेला, यमुनेचा गेला. बोलायचं ठरवेपर्यंत कानपूर आलं. मी तिची माफी मागितली. सांगितलं की मला त्या म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळायचा होता हे खरं, पण त्याहून जास्त, तो दगड मी शोधला असं मला म्हणायचं होतं. आणि त्यासाठी मी तिला अंधारात एकटीला सोडून निघाले होते.

मला वाटलं, आता ती सांगेल की तिला नेमकं काय झालं होतं. ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"मौसी," ती म्हणाली, "कभी मैं न लौटूँ, तो आप मुझे भी ऐसे ही पकड़ लेना।"

मी हो म्हटलं. एवढ्या विश्वासाने आजवर माझ्याकडे कुणी काही मागितलेलं नाही, आणि तो विश्वास मिळावा असं मी त्या दिवशी काहीच केलं नव्हतं.