कॅमेरा कोणी धरलाय?

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं कितपत हसून घ्यायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. ज्यांच्याबद्दल मी लिहितो आहे ते आमचे साडूभाऊ एका रिकाम्या खोलीत, माझ्यापासून चार हातांवर, भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरत होते, आणि मी मोबाईल खाली ठेवला नाही. शूटिंग चालू ठेवलं. ते अभिनय करत आहेत असं मला वाटलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तोंडातून बाहेर पडायला वर्ष जावं लागलं. ताईंना, म्हणजे साडूभाऊंच्या पत्नीला, आता सगळं ठाऊक आहे, म्हणून लिहायचं धाडस करतो.

भुतांवर काडीचाही विश्वास नसलेला आणि तरीही भुतांसाठी इतका राबलेला माणूस सबंध भोपाळमध्ये साडूभाऊंखेरीज दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, हेही त्याच सरकारात चिकटले, आणि सगळी नोकरी तुलसी नगरच्या एका क्वार्टरमध्ये राहून केली. अमावस्या, लिंबू-मिरची, कशाकशाची त्यांना पर्वा नाही. गॅसचं सिलिंडर बदलायला मात्र घाबरतात, ते काम ताई करतात आणि हे अंगणात उभे राहून "झालं का?" विचारतात. असा माणूस रविवारी सकाळी मटार सोलत सोलत एकापाठोपाठ एक भयपट बघतो, आणि तेही एकाच जातीचे. काही पोरं जंगलात नाहीतर पडक्या इमारतीत शूटिंग करायला जातात, परत येत नाहीत, नुसता कॅमेरा सापडतो, आणि त्यात जे असेल तोच सिनेमा. साडूभाऊ त्यांना ‘सापडलेले सिनेमे’ म्हणतात. त्यांच्या मते गरिबाला परवडणारी ही एकमेव भीती आहे. नट नकोत, सेट नको, संगीत नको, आणि मुख्य म्हणजे भूत नको. "भूत दाखवलं की खर्च येतो," ते म्हणतात, "आणि भीती जाते." उघडं राहिलेलं दार त्यांना पुरतं. त्या दाराकडे ते मटारची शेंग हातात तशीच धरून बघत बसतात, आणि दारातून शेवटपर्यंत कोणी आलं नाही की खूश होऊन शेंग सोलतात.

पण आंधळी भक्ती नाही. या सिनेमांची लक्तरं त्यांच्याइतकी कोणी काढली नसतील. पाऊण सिनेमा नुसतं चालणं. अंधारात जो तो दुसऱ्याचं नाव ओरडतो आणि त्याला संवाद म्हणतात. शेवटी कॅमेरा जमिनीवर पडतो, तोही दर वेळी उजव्या कुशीवर, आणि तिरकं गवत दिसत राहतं. डावीकडे का पडत नाही, हा त्यांचा जुना सवाल. आणि या सगळ्यांच्या वर एक प्रश्न, जो ते आयत्या वेळी, ऐन भीतीच्या क्षणी विचारतात आणि शेजारी बसलेल्याची भीती घालवून टाकतात: "कॅमेरा कोणी धरलाय? आणि तो पळून का जात नाही?" समोर मृत्यू उभा आहे आणि हा गडी फ्रेम सांभाळतोय, हे त्यांना पटत नाही. ज्या सिनेमाला याचं उत्तर देता येत नाही तो त्यांच्या लेखी बाद.

उत्तर त्यांना मिळालं ते माझ्या भाचीच्या लग्नात. मांडवाच्या एका कोपऱ्यात झालरीने पेट घेतला. सगळी वऱ्हाडी मंडळी ताटं टाकून पळाली, आणि व्हिडिओवाला तिथेच उभा राहून ज्वाळा टिपत राहिला. आग विझल्यावर साडूभाऊ आधी त्याच्याकडे गेले. वधूपित्याकडे नंतर. तू का नाही पळालास, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो अस्सल भोपाळी पोरगा, आपण ‘काय राव’ म्हणतो त्या चालीवर, म्हणाला, "को खां, पूरे फंक्शन का एडवांस लिया है." साडूभाऊ हे वाक्य पुढे कित्येक दिवस घोळवत होते. कारण असं पाहिजे, म्हणायचे. रोजच्या जगण्यातलं, भीतीपेक्षा मोठं.

साडूभाऊ असे सिनेमे स्वतःही करायचे; त्यातल्या आधीच्या एकाबद्दल इथे थोडं सांगायला हवं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून येणाऱ्या आवाजावर त्यांनी मोबाईलवर एक सिनेमा केला होता आणि मराठी मंडळाच्या गणपतीत दाखवला होता. कॅमेरा मी धरला होता आणि भीती दाखवायची म्हणून हात भरपूर हलवला होता. पहिल्या रांगेतल्या एका काकूंना मळमळायला लागलं. मंडळाच्या अध्यक्षांनी शेवटी उठून विचारलं, भूत कुठे होतं? साडूभाऊंनी शांतपणे सांगितलं, टाकीत. त्या रात्री मला घरी सोडताना त्यांनी स्कूटर थांबवली आणि एवढंच म्हणाले, "कॅमेरामन, तुम्ही हाताने भीती वाजवता. खरा घाबरलेला माणूस हलत नाही हो. तो गोठतो." तेव्हापासून मी त्यांचा कॅमेरामन, आणि माझा हात तरीही हलतच राहिला. हबीबगंजच्या माझ्या घरून तुलसी नगरला दर रविवारी जायचं, पोहे खायचे आणि साडूभाऊंची बोलणी खायची, यात मला बँकेतल्या नोकरीपेक्षा जास्त रस होता.

मग त्या क्वार्टरांच्या ओळी पाडायच्या असं ठरलं. एकेक कुटुंब निघून गेलं. खिडक्या उघड्या, अंगणात गुडघाभर गवत, कुणाच्या तरी दारावर राहून गेलेलं लग्नाचं तोरण. निवृत्ती जवळ आलेली म्हणून साडूभाऊ तेवढे मागे राहिले होते, आणि या उजाड ओळीत त्यांना त्यांचा सिनेमा दिसला. सरकारी क्वार्टर सोडताना पंखे, नळ, दिव्याची बटणं जागेवर आहेत हे दाखवावं लागतं, नाहीतर पगारातून वसुली होते. त्यांच्या कार्यालयातले लोक हल्ली खोल्याखोल्यांतून फिरून त्याचा व्हिडिओच काढून ठेवत. साडूभाऊंचा नायक हाच: क्वार्टर सोडणारा कारकून. तो एकेक वस्तू मोजत व्हिडिओ काढतो आहे, आणि आतल्या खोलीत आधीचा रहिवासी बसलेला आहे, जो कधी गेलाच नाही. कारकुनाला तो दिसतो. घाम फुटतो. पण व्हिडिओ पुरा झाल्याशिवाय ना-हरकत मिळणार नाही. "सरकारी माणूस भुताला घाबरेल," साडूभाऊ म्हणाले, "पण वसुलीला जास्त घाबरेल." आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

शूटिंग मे महिन्यातल्या दुपारी. रात्री दिवे लावायला लागतात, दुपार फुकट असते, आणि भोपाळची मेमधली दुपार कुठल्याही मध्यरात्रीइतकी सुनसान असते, हे त्यांचं म्हणणं. कारकून मी, म्हणजे माझा आवाज आणि माझा हात. आधीचा रहिवासी ते स्वतः. शेजारच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये आम्ही गेलो. भूत म्हणून आपण काय करणार ते सांगणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. भूत एक शब्दही बोलणार नाही, कारण स्वस्तातले सिनेमे बोलण्यातच मरतात. आणि शेवटची सूचना अशी: "काहीही झालं तरी मोबाईल खाली ठेवायचा नाही. मोजत राहा."

मी मोजत राहिलो. पुढच्या खोलीत पंखा एक. बटणं सगळी. स्वयंपाकघरात नळ एक, गळका. भिंतींवर निघालेल्या कॅलेंडरांचे चौकोन. आतल्या खोलीच्या दारापाशी मला खरोखर भीती वाटली, कारण आत अजिबात आवाज नव्हता. साडूभाऊ समोरच्या भिंतीला टेकून उभे होते. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप त्यांच्या खांद्यावर पडली होती. चेहरा राखेसारखा. मी मनात म्हटलं, हा माणूस फायलींत फुकट गेला. पंखा एक, मी म्हणालो, आणि हात सवयीप्रमाणे थरथरवला. ते खाली घसरायला लागले. डावा हात भिंतीवर काहीतरी शोधत होता. कपाळावरचा घाम भुवईवरून डोळ्यात उतरला आणि त्यांनी तो पुसला नाही. ते खाली बसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी."

भूत बोलणार नव्हतं. स्वतःचा नियम साडूभाऊ मोडणार नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्या शब्दाबरोबर मला कळलं. आणि तरी मी उभा राहिलो. ऊन बरोबर त्यांच्या डोळ्यांवर आलं होतं. असा शॉट पुन्हा मिळणार नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात स्पष्ट, शब्दाशब्दाने उमटलं. किती वेळ, ते मी मोजलेलं नाही. मोजण्यासारखा होता एवढं नक्की. मग ते एका अंगावर कलंडले, माझ्या हातून मोबाईल सुटला आणि मी ताईंना हाका मारत धावलो.

हृदयाची नस बंद झाली होती. डॉक्टरांनी ती उघडली. दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि, तुम्ही तिथे होतात म्हणून कुंकू राहिलं, असं म्हणाल्या. तिथून माझी शिक्षा सुरू झाली. त्या दिवाळीला चकल्यांचा डबा माझ्यासाठी वेगळा आला. पाहुण्यांत ओळख करून देताना ताई म्हणायच्या, यांनीच धावपळ केली. बायको कौतुकाने बघायची. साडूभाऊ बरे होऊन पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "कॅमेरामन, त्या दिवशीचं शूटिंग?" गडबडीत पुसलं गेलं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या. शूटिंग माझ्या मोबाईलमध्येच होतं. बघायची हिंमत नव्हती, पुसायचीही नव्हती. सिनेमा शेवटाविना राहिला. रविवारी मी गेलो तर ते भयपटांऐवजी बातम्या लावायचे, आणि मटार ताई सोलायच्या.

यंदा ते निवृत्त झाले. कोलार रोडला फ्लॅट घेतला आहे. नवा आहे, स्वच्छ आहे, आणि त्यात कशाचाच आवाज येत नाही अशी त्यांची तक्रार आहे. सामान निघालं त्या दिवशी मला त्यांनी बोलावून घेतलं. क्वार्टर सोडायचं तर व्हिडिओ काढायला हवा होता, खराखुरा, आणि त्यांचा हात अजून भरवशाचा नव्हता. "चला कॅमेरामन," ते म्हणाले, "आता खरं मोजायचं." पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. आतल्या खोलीच्या दाराशी मी थांबलो. शेजारच्या क्वार्टरसारखीच खोली. तोच झरोका, रिकाम्या भिंतींवर तेच चौकोन. मी व्हिडिओ थांबवला, जुनं शूटिंग काढलं आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. पुसलं गेलं नव्हतं, एवढंच बोलता आलं.

त्यांनी चष्मा लावला. उभ्याउभ्याच, टीकाकाराच्या नजरेने बघायला लागले. थरथर जास्त आहे, असं पुटपुटले. नळ गळका आहे हे चांगलं बोललात, म्हणाले. मग मोबाईलमधून त्यांचाच आवाज आला. पाणी. त्यांनी थोडं मागे नेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा मागे नेलं. मग बोट पडद्यावर टेकवून म्हणाले, "इथे हात थांबला तुमचा."

मी मान हलवली.

"एकदम थांबला. जन्मात पहिल्यांदा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "म्हणजे इथे तुम्हाला कळलं."

"हो."

ते पुढे बघत राहिले. पडद्यावर ते जमिनीवर बसून सरळ माझ्याकडे, म्हणजे आता स्वतःकडेच, बघत होते आणि चित्र जराही हलत नव्हतं. ते खूप वेळ तसंच राहिलं. इतका वेळ मी उभा होतो हे मलाही तेव्हाच कळलं. मग चित्र गरकन फिरलं आणि तिरकी फरशी दिसायला लागली. "उजव्या कुशीवरच," साडूभाऊ म्हणाले. बाहेर ताई टेम्पोवाल्याला आरसा नीट ठेव म्हणून हिंदीत बजावत होत्या. साडूभाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, आणि इतक्या रविवारी विचारला होता तोच प्रश्न विचारला, फक्त या वेळी माझ्याकडे बघून आणि अगदी हलक्या आवाजात.

"कॅमेरा कोणी धरलाय? आणि तो पळून का जात नाही?"

"मी धरला होता, साडूभाऊ," मी म्हणालो. "शॉट चांगला होता म्हणून गेलो नाही. तुम्ही पाणी मागत होतात आणि मी बघत उभा राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."