टरबूज वाचून घेणारा

माझं जायचं निघालं, त्याच्या आधी मी अन् माझा भाडेकरू, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मुकुंदवाडीच्या बाजारातून टरबूज आणणं. हा वरच्या खोलीत राहतो, कम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. साधी चप्पल घ्यायची तरी हप्ताभर मोबाईलवर लोकांची मतं वाचतो. टरबुजाचंही वाचत उभा राहिला, तवर मी दोन थापा मारून घेतलं बी. प्रोग्राम मात्र अंदाजानं लिहितो. म्हणतो, "आतून वाटतं काका, हेच बरोबर."

"लोकांचं काम अंदाजानं, अन् टरबूज वाचून?"

"प्रोग्राम बिघडला तर दुरुस्त होतो, काका. कापलेलं टरबूज जोडता येत नाय."

टरबूज पांढरं निघालं. तेच खाता खाता मी सांगितलं, बायको गेल्यापासून घर खायला उठतंय, कुलूप लावून लेकीकडं देवगावला जातो. त्यानं लगेच मोबाईल काढला. मी खेकसलो, "ह्याचं बी वाचणार व्हय रं?" त्यानं मोबाईल खिशात घातला अन् वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल, खुर्ची, कम्प्युटर घेऊन माझ्या बैठकीत हजर.

"वर नेट येत नाय, काका. आता इथंच बसतो."

नेटचा डबा त्याच्याच खोलीत हाय, एवढं मला बी कळतं. मी खाट भिंतीकडं सरकवून त्याच्या टेबलाला जागा केली.