सायकलचा आरसा आणि बीगरांचा रुसवा

हा किस्सा घराबाहेर काढायचा नाही असं मी बायकोला वचन दिलंय. पण चहा कपात पडलाय, आणि तुम्ही म्हणताय सायकलला आरसा बसवायचाय, तर मग ऐकाच बाबा. एका आरशापायी माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला निघालं होतं! हसताय काय? देवाशपथ सांगतो.

मी हायस्कुलात मास्तर. घर धारवाडात, मळमड्डीत. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. रोज सकाळी केलगेरीच्या तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदा मागून एक रिक्षा अशी खेटून गेली की माझ्या कोपराला तिचा रंग लागला. म्हटलं, आता आरसा पाहिजे.

आता तुम्हाला वाटेल, आरसा म्हणजे काय, आरसा! नाही हो. सायकलच्या आरशात सुद्धा जाती-पोटजाती असतात. हँडलच्या टोकात खुपसायचा एक, पट्ट्यानं बांधायचा एक. सपाट काचेचा घेतला तर मागचं अंतर खरं दिसतं, पण रस्त्याची नुसती चिंधी दिसते. फुगीर काचेचा घेतला तर सगळा रस्ता दिसतो, पण ट्रक अंगावर आला तरी तो लांब कुठंतरी असल्यासारखा वाटतो. दांडी आखूड घेतली तर मागच्या माणसाऐवजी आपलंच कोपर दिसतं. लांब घेतली तर बाजारात बायकांच्या पिशव्या अडकतात. मी मोबाईलवर बघून बघून डोळे लाल केले आणि शेवटी सुभाष रोडवरून फुगीर काचेचा, लांब दांडीचा, गोल आरसा आणला. उजव्या बाजूला बसवला. त्याच्या डब्यात एक वाकडी बारीक किल्ली निघाली. ती कशाला असेल ते कळेना, म्हणून फेकून दिली.

इथंच घोडं पेंड खातं. ती स्क्रू आवळायची किल्ली होती!

परिणाम काय? सायकल गचक्यात गेली की आरसा मान टाकायचा. एक खड्डा आला की आकाश, दुसरा आला की माझं पोट, तिसरा आला की माझं तोंड. मागचा रस्ता दिसायचा तो सायकल स्टँडवर उभी असताना.

पण हे सांगणार कुणाला? मास्तर लोकांना एक रोग असतो. कळलेलं आणि न कळलेलं, दोन्ही ते सारख्याच आवाजात शिकवतात. स्टाफरूममध्ये मी आरशावर व्याख्यानं दिली होती, आणि तिघांनी माझ्या शब्दावर आरसे घेतले होते. आता कुठल्या तोंडानं म्हणू की मला त्यात माझंच तोंड दिसतं?

आणि सगळ्यात मोठं व्याख्यान कुठं दिलं होतं माहिताय? हुबळीला, देशपांडे नगरात, शेषगिरीअण्णांच्या दिवाणखान्यात. शेषगिरीअण्णा म्हणजे आमचे होणारे व्याही. आमच्याकडे कानडी वळणानं बीगर म्हणतात. माझी नंदिनी त्यांच्या मुलाला दिलेली. अण्णा निवृत्त वकील. वकिली सोडली, पण उलटतपासणी सोडली नाही. सुपारी फुटली त्या दिवशी देण्याघेण्याचं राहिलं बाजूला, मी तासभर आरशावरच बोललो.

"अण्णा, मागच्या माणसाच्या शर्टाचं बटण तुटलंय का ते सुद्धा दिसतं बघा!"

"काय सांगता!" अण्णा म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी सायकल आणि हुबेहूब तसाच आरसा आणला. तो बसवून कुणी दिला? मी. किल्ली कुणी फेकली? पुन्हा मीच. नशीब एवढंच की सायकल त्यांनी व्यायामासाठी घेतलेली, त्यामुळे ती कोरी करकरीत अंगणात उभीच होती.

तर सगळं छान चाललं होतं. पेच एकच, लग्न कुठं करायचं. ते म्हणत हुबळीला, "गाड्या लावायला जागा आहे." मी म्हणत होतो धारवाडला. "अहो, मुलीचं माहेर इथं आहे!" फोनवर जरा चढे आवाज झाले. त्यांनी फोन ठेवला आणि चार दिवस दोन्हीकडून गप्प. नंदिनीचं तोंड एवढंसं झालं.

पाचव्या दिवशी सकाळी मी उप्पीट खाऊन, कानटोपी घालून सायकल काढली. केलगेरीच्या रस्त्याला लागलो. मागून एक स्कूटर हॉर्न वाजवायला लागली. पीं पीं! पीं पीं! म्हटलं, काय माणूस आहे, अख्खा रस्ता मोकळा पडलाय! आरशात बघायला गेलो तर आरशानं मान टाकलेली. वर केला. तर दिसलं काय? माझं तोंड. आणि मिशीच्या टोकाला उप्पिटाचा एक कण.

शाळेत मुलं हसतील म्हणून मी तो काढायला गेलो. तूप होतं हो त्यात, चिकटून बसला होता. चिमटीत मिशी धरली, पीळ देऊन ओढली, तेव्हा कुठं निघाला. स्कूटर अजून पीं पीं करतच होती. मी मागं न बघता हात हलवला, जा बाबा, जा पुढं! आणि जोरात पायडल मारलं. थोड्या वेळानं हॉर्न बंद झाला. सुटलो, म्हटलं.

तळ्यावर जरा टेकून तासाभरानं घरी आलो तर बायको दारातच उभी. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, आत शिऱ्याचा वास.

"अण्णा कुठायत?"

"कोण अण्णा?"

"अहो, शेषगिरीअण्णा! तुम्ही गेलात आणि स्कूटरवरून आले की! म्हणाले, लग्न धारवाडलाच करू, तुमच्या ह्यांना मी स्वतः सांगतो. मी म्हटलं, केलगेरीच्या रस्त्याला गाठा. भेटले नाहीत?"

म्हणजे ती पीं पीं अण्णांची होती! तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई! बायकोनं घेतला आणि ऐकता ऐकता ती खाली बसली.

"अण्णा तसेच हुबळीला परत गेलेत," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "अन्नाला शिवत नाहीयेत. तुम्ही म्हणे आरसा फिरवून त्यांना नीट बघितलंत, मिशीवर पीळ दिलात, आणि 'चल, नीघ' म्हणून हात केलात! खरं का हे?"

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ? आरसा फिरवला होता. पीळ दिला होता. हातही केला होता!

"विहीणबाई म्हणतात, हे आता म्हणायलेत, लग्न कुठं करायचं ते राहू दे, करायचं का ते आधी ठरवू."

आतल्या खोलीतून नंदिनी बाहेर आली. डोळे भरलेले. रागावेल वाटलं, पण एवढंच म्हणाली, "बाबा, आजच्या आज जा. आणि फक्त खरं बोला. शिकवू नका." शाळेत रजा कळवली आणि बायकोला घेऊन पहिल्या बसनं हुबळी गाठली.

अण्णा दिवाणखान्यात खुर्चीवर ताठ बसलेले. "बर्री, या" म्हणाले, पण उठले नाहीत. विहीणबाईंनी पाणी आणलं. मी हात जोडले.

"अण्णा, मी तुम्हाला बघितलंच नाही."

"बघितलं नाही? आरसा हातानं फिरवलात की नाही?"

"फिरवला."

"आणि मागच्याच महिन्यात, ह्याच खुर्चीवर बसून, मागच्याच्या शर्टाचं बटण दिसतं असं तुम्हीच म्हणालात की नाही?"

"म्हणालो..."

"मग माझ्या शर्टाचं बटण दिसलं, आणि अख्खा मी दिसलो नाही?"

आता इथं सरळ म्हणायचं ना, अण्णा, तो आरसा बेकार बसवलाय मी, मला त्यात काही दिसत नाही! एका वाक्यात सुटलो असतो. पण जीभ वळेना हो! "ऊन काचेवर चमकलं" म्हणालो. "सकाळी तुमचं तोंड पश्चिमेला होतं, ऊन माझ्या पाठीला होतं," अण्णा म्हणाले. मग मी "म्हणजेच आरशात सूर्य!" म्हणालो. "सूर्य दिसला आणि त्याच्या खाली मी नाही?" अण्णांनी विचारलं. मग मी धुकं म्हणालो. अण्णा म्हणाले, "आधी एक ठरवा, ऊन होतं का धुकं?"

बायकोनं पदराआडून मला असा चिमटा काढला की अजून वळ असेल.

अण्णा उठले. "नोड्री, बघा बीगर, भांडायचं नाही मला. अंगणात माझी सायकल आहे, तुम्हीच बसवलेला तसलाच आरसा आहे. गल्लीत चालवा. मी मागं उभा राहून बोटं दाखवतो. आरशात बघून किती ते सांगायचं. दिसली, तर सकाळी मीही दिसलो होतो. मग हे लग्न नको. नाही दिसली, तर मी चुकलो."

बघा, किती सोपं! काही दिसत नाही म्हणायचं आणि लेकीचं लग्न वाचवायचं. पहिलीतलं पोर पास झालं असतं.

आम्ही सगळे बाहेर आलो. वकीलसाहेबांची सायकल पहिल्यांदाच बाहेर निघालेली बघून अर्धी गल्ली गॅलरीत आली. वरून कुणीतरी विचारलं, "सर, हाच का तो आरसा? अण्णा सांगत होते, लई भारी आहे म्हणून! आम्हालाही घ्यायचाय!"

बस्स. माझी छाती फुगली. सगळं विसरलो हो मी!

टांग मारली. फाटकासमोरच गतिरोधक. धाडकन सायकल उडाली आणि आरशानं मान टाकली. आता त्यात माझ्या नाकपुड्या दिसायला लागल्या, आणि त्या दोनच होत्या.

"किती?" मागून अण्णा ओरडले.

गॅलरीतले सगळे कान टवकारून बसलेले. मी छातीठोक ओरडलो, "तीन!"

मग अण्णांचा जड आवाज आला, "बरोबर."

गॅलरीत टाळ्या! मी तर फुशारलोच. आणि त्या टाळ्यांच्या वर बायकोचा आवाज, "अहो, बरोबर काय सांगताय! आपण दिसत नाही म्हणून सांगायला आलोय!"

तुम्हाला वाटेल, आता तरी उजेड पडला असेल. पडला, पण अर्धवट. डोक्यात लेक एकीकडे, टाळ्या दुसरीकडे, आणि मागून अण्णा रागानं ओरडले, "आता किती?" शाळेत इतकी वर्षं मीच प्रश्न विचारत आलो. मला कुणी विचारलं आणि मी "माहीत नाही" म्हटलं, असं आजवर झालंच नव्हतं. अंदाजावर सोडायलाही मन धजेना. मग केलं काय? हळूच मान वळवली आणि डोळ्यांनी सरळ मागं बघितलं.

"चार!" मी ओरडलो.

आणि पुढचं चाक शेजाऱ्यांच्या बांधकामाच्या वाळूत शिरलं. सायकल तिथंच थांबली. मी थांबलो नाही. वाळूच्या ढिगावर पालथा! कानात वाळू, तोंडात वाळू.

चपलांचा आवाज जवळ आला. अण्णा माझ्यावर वाकले.

"बीगर, तुम्ही मागं वळून बघितलंत."

"नाही," मी म्हणालो. अजूनसुद्धा नाही!

"सगळ्या गल्लीनं बघितलंय. आरशात दिसत असतं तर मान कशाला वळवली असती?"

मी कानातली वाळू काढायला लागलो.

"आणि मघाचं तीन?"

"अंदाजानं सांगितलं," मी वाळू थुंकत म्हणालो. "अण्णा, मला ह्या आरशात पहिल्या दिवसापासून काही दिसत नाही. सकाळी माझं तोंड दिसलं, आणि मिशीत उप्पीट दिसलं. ते काढत होतो. तुमची शपथ." आणि तिथंच डोळ्यांत पाणी आलं हो. थोडं वाळूनं, बाकीचं लेकीच्या काळजीनं.

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. आधी त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. मग पोट धरून असे हसायला लागले की विहीणबाई घाबरून पाणी घेऊन धावल्या. "अय्यय्यो," ते डोळे पुसत म्हणाले, "आरोपीला सोडवायला मी बसलोय, आणि आरोपी स्वतःविरुद्ध खोटा पुरावा तयार करतोय! उभ्या वकिलीत असला माणूस बघितला नव्हता!" त्यांनी मला हात देऊन उठवलं, अंगावरची वाळू झटकली आणि मिठी मारली. "लग्न धारवाडलाच. सकाळी सांगायला आलो होतो, ते आता सांगतो."

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, वाचलो बुवा.

पण वकील तो वकीलच. निकाल जाहीर वाचल्याशिवाय चैन पडतंय का? अण्णा गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून गॅलऱ्यांकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले,

"ऐका हो! आमचे बीगर निर्दोष आहेत! त्यांना काही दिसतही नाही, आणि काही कळतही नाही!"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मुलीच्या बापानं काय करायचं, सांगा? हात जोडले आणि म्हणालो, "हौद्री, खरंय. दोन्ही उत्तरं बरोबर."