फाटकासमोरचा सामान्य नागरिक

टेलर मास्तरांचं दुकान सरकारी टीव्ही केंद्राच्या अगदी फाटकासमोर होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवरच थांबायचं, एवढीशी जागा. केंद्रातले बातम्या देणारे सगळेजण आपले कोट मास्तरांकडूनच शिवून घ्यायचे. कोट पुढून चापून बसला की त्यांचं काम झालं. मागे चिमटे लावलेले असले तरी हरकत नसे, मागून कोण बघतंय!

एका वर्षी थंडी जरा जास्त पडली. केंद्रातल्या बातमीदार बाईंना सामान्य नागरिकाची प्रतिक्रिया हवी होती आणि लांब जायला गाडी नव्हती. फाटकाबाहेर आल्या तर समोरच मास्तर.

"काका, थंडीबद्दल दोन शब्द सांगा ना."

"थंडी आहे," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी ते टीव्हीवर झळकले. बायको हरखून गेली. बहिणीला फोन करून झाल्यावर नवऱ्याला म्हणाली, "अहो, निदान कॉलर तरी नीट करायची होती. शिंपी ना तुम्ही?"

मग बाईंना सवयच लागली. बसचं भाडं वाढलं, मास्तरांना विचारा. निकाल लागले, मास्तरांना विचारा. मास्तरांनी जन्मात न पाहिलेल्या खेळात देशाचा संघ जिंकला, तरी मास्तरांनाच विचारा. वर्तमानपत्रवाले संध्याकाळच्या बातम्या बघून सकाळचा मजकूर लिहायचे. त्यामुळे एकटे मास्तर सकाळपर्यंत 'नागरिकांमध्ये उत्साहाचे वातावरण' होऊन जायचे. सुरुवातीला त्यांना याची गंमत वाटायची.

गंमत संपली ती पाण्यापायी. गल्लीला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, तेव्हा मास्तर कॅमेऱ्यासमोर कळवळून बोलले, "म्हातारी माणसं बादल्या घेऊन जिने चढतायत. आम्ही सहन करतोय, पण किती दिवस करायचं?" टीव्हीवर त्यातलं फक्त 'आम्ही सहन करतोय' आलं. सकाळी पेपरात मथळा होता, 'पाणीकपातीला नागरिकांचे मनापासून सहकार्य'. सोबत मास्तरांचा फोटो.

शेजारच्या दुकानातला इस्त्रीवाला त्यांचा जुना सोबती. दोघांचा चहा रोज एकत्र व्हायचा. त्या दिवशी त्याने एकच कप मागवला.

"सहकार्य करताय म्हणे? आमच्याही वतीने?"

"अरे, मी पुढे बोललो होतो. त्यांनी कापलं."

"कापायचा धंदा तर तुमचा," इस्त्रीवाला म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

गल्लीतली माणसं दुकानासमोरून जाताना मुद्दाम मोठ्याने विचारायची, "काय नागरिक, आज काय पसंत पडलं?" मास्तर मान खाली घालून मशीन चालवत राहायचे. बायको म्हणाली, "सरळ नाही म्हणून टाका." पण निम्मं काम केंद्रातून येत होतं, नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? पुढच्या खेपेला त्यांनी नुसती मान हलवली, चकार शब्द काढला नाही. टीव्हीवर मशीनवर वाकलेले मास्तर दिसले आणि आवाज आला, 'शहरातले व्यवहार सुरळीत.'

मग एक दिवस केंद्राच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून समोरची दुकानांची सगळी रांग हटवायचं ठरलं. बातमीदार बाई कॅमेरा घेऊन आल्या. या वेळी मास्तर तयारीत होते. कुठेही कात्री चालवली तरी मुद्दा शिल्लक राहील असं बोलायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बाईंनी माइक पुढे केला तसे ते एका दमात सुरू झाले, "दुकान पाडू नका, मी इथेच म्हातारा झालो, दुकान पाडू नका, शेजाऱ्याला दुसरं काम येत नाही, दुकान पाडू नका, आमच्या पोटावर गाड्या उभ्या करू नका, दुकान पाडू नका..."

कॅमेरावाला आधी हसला, मग गप्प झाला. इस्त्रीवाला दारात येऊन ऐकत उभा राहिला. आत कुणाचा तरी शर्ट करपल्याचा वास सुटला तेव्हा तो भानावर आला.

संध्याकाळी सगळे दुकानदार इस्त्रीवाल्याच्या छोट्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले. पडद्यावर मास्तर आले. त्यांचे ओठ भराभर हलत होते, पण आवाज त्यांचा नव्हता. निवेदक सांगत होता, 'फाटकासमोरील व्यावसायिकांनी नियोजित वाहनतळाविषयी आपली मते मोकळेपणाने मांडली.' मग पडद्यावर निवेदक दिसला. अंगात मास्तरांनीच शिवलेला कोट. खांद्यात अगदी नेमका बसला होता, तेवढं मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही.

एकेक जण उठून गेला. शेवटी इस्त्रीवाल्याने टीव्ही बंद केला.

"मी ऐकलंय मास्तर. सगळं ऐकलंय," तो म्हणाला आणि त्याने दोन चहा सांगितले.

महिन्याभरात रांग भुईसपाट झाली. इस्त्रीवाला मेव्हण्याकडे दुसऱ्या गावी निघून गेला. मास्तरांनी मशीन घरी आणलं. घर म्हणजे दीड खोली. खिडकीशी मशीन आलं तशी बायकोची खाट भिंतीला टेकली आणि कपाटाचं एक दार उघडेनासं झालं. केंद्रातले लोक आता जिना चढून मापं द्यायला येऊ लागले. त्यांना थांबवावं तर चूल कशावर पेटवायची?

एका दुपारी दार वाजलं. बातमीदार बाई, मागे कॅमेरावाला.

"काका, दुकानं हटवलेल्यांवर एक बातमी करतोय. 'नव्या उमेदीने सुरुवात.'"

बायको आडवी आली. "त्यांना काहीही बोलायचं नाही. जा तुम्ही."

बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "काकू, काका बोलले नाहीत तर साहेब जुनं चित्रण लावतील. आमच्याकडे ढीगभर आहे. त्यात काका हसतायत."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर उठले, कॅमेऱ्याला जागा व्हावी म्हणून खाटेवरची गादी गुंडाळली, एक टोक बायकोने धरलं.

"या," ते म्हणाले. "फक्त दार लावून घ्या. शेजारचे बघतात."