क्लोराइडवाले मामू

पाण्यावर इतका कमी विश्वास असलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. आमच्या पाणी तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळेतल्या या ज्येष्ठ केमिस्टना मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे मामू म्हणत. सकाळी नऊला जुन्या जालन्यातून सायकलीवर येत आणि आल्याबरोबर आमचे हात हुंगत. वाटेत कुणी चिवडा खाल्ला असेल, तर दुपारपर्यंत त्याला यंत्राच्या खोलीत प्रवेश नसे. स्वतःचा डबा ते रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली बसून खात. बाटली सात वेळा धुवायची, आणि सहाच वेळा धुतल्याचा संशय आला तर पुन्हा एकपासून सुरुवात. यंत्रासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, कारण थुंकी उडते आणि थुंकीत मीठ, म्हणजेच क्लोराइड असतं. एकदा एका कारखान्याचे मॅनेजर हात पुढे करून आत आले, तर मामूंनी अदबीनं मान झुकवली आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी नवीन असताना त्यांनी मला बॉयलरचं पाणी कसं तपासायचं ते शिकवलं. या पाण्यात क्लोराइड इतकं कमी असतं की सरळ यंत्रात घातलं तर नीट दिसतही नाही. पण जरा वाढलं की बॉयलरच्या नळ्या आतून खायला लागतं. मामू म्हणाले, "बेटी, मंग काय करायचं, पुष्कळ पाणी या छोट्या नळीतून हळूहळू सोडायचं. आत बारीक मणी हायेत. पाणी निघून जातं, क्लोराइड मण्यांना धरून बसतं. पुरतं जमलं की सोडा घातलेलं पाणी सोडायचं. त्याच्यासंगं सगळं क्लोराइड एकदम, दाटीनं बाहेर येतं, आन् कागदावर शिखर उमटतं." पाणी नळीतून जायला अर्धा तास लागे. तेवढा वेळ मामू स्टुलावर ताठ बसून राहत. घड्याळ भिंतीवर असूनही पाहत मात्र पाण्याकडेच. "ही नळी बिलकुल इमानदार हाये," ते सांगत. "पाण्यातली घाण जमवते, तशी आपली चूकबी जमवते. म्हणून आधी ब्लँक." ब्लँक म्हणजे नमुन्याच्या आधी नुसतं शुद्ध पाणी तसंच चालवून पाहणं, म्हणजे आपल्याच हातांतून-बाटल्यांतून किती क्लोराइड येतंय ते कळतं. ब्लँक न करता नमुना लावणारा माणूस त्यांच्या लेखी हात न धुता जेवणाऱ्यासारखा होता.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या बॉयलरच्या पाण्यात क्लोराइड नेहमीच्या चौपट निघालं. रिपोर्टवर मामूंची सही होती. पुढच्याच आठवड्यात त्या बॉयलरवरचा दत्ता नावाचा आष्टीचा माणूस आमच्या व्हरांड्यात येऊन बसला. निष्काळजीपणा केला म्हणून त्याला घरी बसवलं होतं.

"मी पाणी बराबर ठेवलं व्हतं," तो म्हणाला. "तुमच्या मशीनला पुन्हा एकदा इचारा."

"मशीन झूठ न्हाई बोलत, भाऊ," मामू म्हणाले आणि आत गेले.

दत्ता थोडा वेळ बसला आणि निघून गेला. मामूंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. दुपारी त्यांनी कामाची वही काढली, त्या तपासणीच्या तारखेचं पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ब्लँकचा रकाना कोरा होता. त्या सकाळी मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि आयुष्यात बहुधा प्रथमच मामू घाईत होते. राखून ठेवलेली त्याच नमुन्याची दुसरी बाटली त्यांनी दुसऱ्या खोक्यातले मोजे घालून लावली. पाणी स्वच्छ निघालं. मग त्या घाईच्या सकाळी पहिल्यांदा फोडलेल्या हातमोज्यांच्या खोक्यातली नवी जोडी घातली, बाटली सात वेळा धुतली आणि नुसतं शुद्ध पाणी चालवलं. कागदावर तेच शिखर उभं राहिलं. मोज्यांच्या आतबाहेर भुकटी होती, आणि क्लोराइड त्या भुकटीत होतं.

"हे क्लोराइड माझ्या हातचं," मामू म्हणाले.

मालकांचं म्हणणं होतं की सुधारित रिपोर्ट गुपचूप पाठवू, गाजावाजा नको. मामूंनी नकारार्थी मान हलवली आणि मला स्कूटी काढायला लावली. कारखान्यात मॅनेजरसमोर आणि बॉयलरवरच्या सगळ्या माणसांसमोर उभं राहून त्यांनी आपली चूक सांगितली. स्कूटी तिथेच ठेवून आम्ही बसनं आष्टीला गेलो. दत्ता दारातच उभा होता. मामूंनी त्यालाही सगळं सांगितलं, शब्द न वगळता.

दत्तानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या पोरीला शाळेत म्हन्ले, तुझ्या बापानं बॉयलर बिघडवला. ते कोन्त्या रिपोर्टात दुरुस्त करता?"

 मामूंनी हात जोडले. दत्तानं आम्हाला आत बोलावलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नाही. परतीच्या बसमध्ये मामू खिडकीला डोकं टेकून बसले होते.

दत्ता पुन्हा कामावर लागला. मामूंनी मात्र त्यानंतर एकाही रिपोर्टवर सही केली नाही. काम सगळं करत, आणि कागद माझ्याकडे सरकवत. "तू कर बेटी, तुझा हात हलका हाये." गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि धाकट्या भावाच्या कापडाच्या दुकानात बसू लागले.

परवा बॉयलरच्या पाण्याची बाटली घेऊन दत्ता स्वतः आला. एरवी कारखान्याचा ड्रायव्हर येतो. त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि आत डोकावून पाहिलं.

"मामू न्हाईत का?"

"आता येत नाहीत."

तो जरा घुटमळला. "मंग सांगा त्यान्ला, दत्ता आल्ता म्हनून."

घरी जाताना मी दुकानावरून गेले आणि निरोप सांगितला. मामूंच्या हातात कापड मोजायचा मीटरचा गज होता, समोर गिऱ्हाईक.

"स्वतःहून आल्ता?"

"हो."

मामूंनी मान खाली घातली आणि पडद्याचं कापड मोजायला घेतलं. तीन मीटर मोजायचं होतं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा गज खाली ठेवला आणि भावाला म्हणाले, "तू मोज रे जरा."