स्वतःच्याच खुर्चीची जाहिरात

"पाण्याच्या नळीत काही दिसलं, तर सगळं फेकून द्यायचं," असं मावशी एकदा म्हणाली होती. रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिची सोळा वर्षं गेली. तिथे नमुन्यांच्या रांगेत एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतात. तिच्यात डीएनए नसतो, त्यामुळे शेवटी ती कोरीच यायला हवी; नाही आली, तर बाकीचे नमुनेही दूषित धरायचे. एकदा आली नाही. मावशीने आठवडाभराचं काम कचऱ्यात टाकलं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

आमच्या घरी मात्र तिचा पगार सगळ्यांना तोंडपाठ होता. तिनेच कधीतरी सांगितलेला. आई तो आकडा नातेवाइकांत मिरवायची, तेव्हा मावशी खाली बघत चहा ढवळत राहायची. साखर कधीच विरघळलेली असे. आम्हाला तो विनय वाटे.

त्या रविवारी मावशी आमच्याकडे आली होती आणि मी कॉलेजचा अर्ज भरत होते. तिचाच विषय घ्यायचा, हे ठरलं होतं. बाबांचा विरोध त्या आकड्यापुढेच नरमला होता. मोबाइलवर तिच्या लॅबची जाहिरात सापडली आणि मी ती मोठ्याने वाचली: एक जागा, अकरा महिन्यांचं कंत्राट, पीएचडी आवश्यक.

"मावशी, ही तुझ्या शेजारची खुर्ची का गं?"

"माझीच. दर वर्षी निघते, दर वर्षी मी अर्ज करते."

"स्वतःच्याच खुर्चीसाठी मुलाखत?" बाबा हसले. "काय विचारतात? इतके दिवस कुठे होता?"

तीही हसली. मी पुढे वाचलं. "आणि हे बघ, पगार चुकीचा छापलाय. अर्धाच!"

तिचे कान लाल झाले. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. आई घाईघाईने म्हणाली, "चूकच असणार. हो ना गं, धाकटे?"

मावशीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

मी विषयाच्या रकान्यावर पेन टेकवलं. "मग लिहू ना, मावशी?"

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि ते अर्जावर आडवं ठेवलं. दाराशी चपलेचा पट्टा तिला दोनदा सापडला नाही. मी अजून हसतच होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती बाहेर पडली.