मिरचीच्या फुलातले काळे फुलकिडे अन् दुकानदाराचं टॉनिक

मंडळी, डोकं तापलं म्हणून लिहून राहिली.

सकाळी पानं मुरडलेलं मिरचीचं झाड उपटून अकोटले औषधाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार झाडाकडे न पाहताच म्हणे, "ताई, टॉनिक मारा."

"दोनदा मारलं भाऊ!"

"मंग तिसऱ्यांदा मारा."

मी काउंटरवरच्या पांढऱ्या कागदावर झाडाचं फूल झटकलं. बारीक काळे फुलकिडे तुरुतुरु पळाले.

"हे आपल्या इकडं नसते," तो म्हणे.

मंग काय माह्यासंगं एसटीनं आले?

रस पिणारे फुलात लपून बसले, अन् मी पानावर टॉनिक मारत बसली! त्याच्यापेक्षा जास्त राग मले माह्याच येऊन राहिला.

देवाले वाहाले रोज फुलं तोडतो आपण. फवारणीआधी मिरचीचं एक फूल कोणाकोणानं झटकून पाहिलं, खरं सांगा.